यालुंबा बुश व्हाइन ग्रेनाश: जुन्या वेली, फिकट रंग आणि लांब चव

पहिली शंका रंगावरून येते. उष्ण प्रदेशातली, त्यातही जुन्या वेलींची रेड वाइन म्हटलं की काळीजांभळी, काचेला डाग पाडणारी, दाट वाइन डोळ्यांसमोर येते. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातली यालुंबा वायनरीची ‘बुश व्हाइन ग्रेनाश’, म्हणजे झुडपासारख्या वाढवलेल्या वेलींवरच्या ग्रेनाश द्राक्षाची वाइन, तशी नाही. ग्लास तिरपा करून खाली छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. मधला रंग डाळिंबाच्या दाण्याचा, कडेला किंचित विटकरी झाक. हे पाहून कुणी तिला पातळ ठरवलं तर चूक होईल. वेलीचं वय या वाइनमध्ये रंगात उतरत नाही. ते कळतं घोट गिळल्यानंतर. चव किती वेळ टिकते, आणि टिकताना गोडसर होत जाते की सुकी व मसालेदार राहते, तिथे ते दिसतं. ज्या किमतीला ही बाटली मिळते, त्या किमतीत हा फरक इतका स्पष्ट दाखवणाऱ्या वाइन फार थोड्या आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यालुंबा ही अँगॅस्टन गावची वायनरी, स्थापना १८४९. सॅम्युअल स्मिथ नावाच्या इंग्लंडहून आलेल्या ब्रूअरनं (बिअर बनवणाऱ्यानं) ती सुरू केली आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. ऑस्ट्रेलियातली कुटुंबाच्या मालकीची ही सगळ्यात जुनी वायनरी. स्वतःची रोपवाटिका आणि ओकची पिंपं बनवण्याचा स्वतःचा कारखाना या दोन्ही गोष्टी एकाच वायनरीकडे असणं जगात दुर्मीळ आहे, आणि दोन्हींचा परिणाम या बाटलीत येतो. अलीकडच्या बाटल्यांवर ‘सॅम्युअल्स कलेक्शन’ असं मालिकेचं नाव असतं; जुन्या बाटल्यांवर नुसतं ‘ओल्ड बुश व्हाइन ग्रेनाश’. झाकण फिरकीचं आहे, बुचाचं नाही. त्यामुळे खराब बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येण्याचा धोका जवळपास संपतो.

ग्रेनाश हे द्राक्ष समजून घेतलं तर बाकी सगळं आपोआप उलगडतं. हे उशिरा पिकणारं वाण. दक्षिण गोलार्धात शिराझ या दुसऱ्या लाल वाणाची तोडणी बरीचशी उरकलेली असते तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये याची वेळ येते. मण्याची साल पातळ, सालीत रंगद्रव्य कमी, साखर मात्र झपाट्यानं चढते. तोडणी चार-पाच दिवस लांबली तरी अल्कोहोल साडेपंधरा टक्क्यांवर जाऊ शकतं आणि आंबटपणा खाली घसरतो. फुलोऱ्याच्या वेळी हवा बिघडली तर फुलगळ होते, घड विरळ राहतात. आणि वेल तरुण असेल, पाणी भरपूर मिळालं असेल, तर ती बेसुमार घड धरते. अशा बागेतली ग्रेनाश ओळखणं अगदी सोपं आहे. रास्पबेरीच्या गोळीसारखा एकच एक गोड वास, मधोमध पोकळ, शेवटी अल्कोहोलची धग. अनेक वर्षं या वाणाची बदनामी झाली ती अशाच वाइनमुळे.

ग्रेनाशची काडी जाड आणि ताठ असते, म्हणून ती तारांच्या आधाराशिवाय उभी राहू शकते. बरोसातल्या जुन्या बागांत ना मांडव आहे, ना वाय-आकाराचे खांब, ना ओलांडे (आडव्या फांद्या) बांधायला तारा. गुडघा-मांडीइतक्या उंचीचं जाडजूड, पिळलेलं खोड, त्यावर गोलाकार फुटलेले चार-सहा हात, आणि प्रत्येक हातावर दरवर्षी दोन डोळे राखून केलेली छाटणी. पानांची छत्री घडांवर सगळ्या बाजूंनी पडते, त्यामुळे दुपारच्या उन्हात मणी भाजत नाहीत. वेलींमध्ये अंतर मोकळं असतं, कारण बरोसाच्या तळखोऱ्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः मे ते सप्टेंबर या थंडीच्या महिन्यांत. जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. फरक असा की तिथे पाऊस वेल झोपलेली असताना जमिनीत मुरतो आणि वाढीच्या हंगामात आभाळ कोरडं राहतं. त्यामुळे भुरी आणि केवडा या रोगांचा त्रास आपल्या बागांच्या मानानं कमी, आणि ठिबकाशिवायही बाग जगते, अर्थात मुळं खोल गेलेली असतील तरच. अशा बागेत यंत्रानं तोडणी जमत नाही. प्रत्येक घड वाकून हातानं कापावा लागतो, आणि त्यानं खर्च वाढतो.

या वेली इतक्या जुन्या कशा राहिल्या याचं उत्तर दोन घटनांत आहे. पहिली फायलॉक्सेराची. मुळांना लागणाऱ्या या बारीक किडीनं एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक बागा संपवल्या. १८७७ मध्ये ती ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियानं बाहेरून वेली आणण्यावर कडक बंदी घातली, १८९९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला, आणि ती कीड आजतागायत त्या राज्यात शिरलेली नाही. म्हणून बरोसातल्या जुन्या वेली खुंटावर (कीड सोसणाऱ्या दुसऱ्या वेलीच्या मुळांवर) कलम केलेल्या नाहीत, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. लँगमाइल वायनरीची १८४३ सालची शिराझ, टर्की फ्लॅटची १८४७ ची शिराझ, लाइट पासमधली सिरिलो कुटुंबाची १८४८ ची ग्रेनाश अजून दरवर्षी घड देतात. तिकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी एवढं मात्र नक्की पाळावं: परवानगीशिवाय वेलींच्या ओळीत पाऊल टाकू नये. आदल्या आठवड्यात व्हिक्टोरियातल्या एखाद्या बागेत फिरलेले बूट घालून तर मुळीच नाही. तळव्याच्या मातीतून कीड आली तर दीडशे वर्षांची वेल वाचवायला काहीही उपाय नाही.

दुसरी घटना १९८७ ची. त्या काळात बरोसातली ग्रेनाश प्रामुख्यानं पोर्टसारख्या गोड, कडक वाइनसाठी जायची. त्या वाइनची मागणी आटली, द्राक्षांचा भाव कोसळला आणि राज्य सरकारनं बाग उपटणाऱ्याला पैसे द्यायची योजना आणली. शंभरी ओलांडलेल्या कित्येक वेली त्यात ट्रॅक्टरनं ओढून काढल्या गेल्या. त्याच सुमारास रॉकफर्ड वायनरीचे रॉबर्ट ओ’कॅलहन, चार्ल्स मेल्टन यांसारख्या छोट्या वाइनमेकरांनी याच जुन्या बागांची द्राक्षं बऱ्या भावानं घ्यायला सुरुवात केली. मेल्टन यांची ‘नाइन पोप्स’ १९८८ पासून येते आणि तिचा कणा ग्रेनाशच आहे. जी बाग तेव्हा उपटली गेली नाही, तिचीच द्राक्षं आज आपण पितो.

पुढे २००७ मध्ये यालुंबानं जुन्या वेलींसाठी स्वतःची सनद केली आणि २००९ मध्ये तिच्याच धर्तीवर सगळ्या बरोसाची सनद आली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: ३५ वर्षांच्या वर ‘ओल्ड’, ७० च्या वर ‘सर्व्हायव्हर’, १०० च्या वर ‘सेंटेनेरियन’ आणि १२५ च्या वर ‘अँसेस्टर’. ही ऐच्छिक सनद आहे, कायदा नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात वाण, प्रदेश आणि साल यांसाठी ८५ टक्क्यांचा नियम आहे, पण ‘ओल्ड व्हाइन’ या शब्दांना कायदेशीर व्याख्या नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनं २०२४ मध्ये ३५ वर्षं ही मर्यादा मान्य केली, तीही शिफारस म्हणूनच. त्यामुळे कोणत्याही लेबलवर नुसतं ‘ओल्ड व्हाइन’ दिसलं तर त्यावर भरवसा ठेवू नका. लागवडीचं साल, बागेचं नाव किंवा सनदेतली पायरी यांपैकी काहीतरी मागच्या लेबलवर आहे का ते पाहा.

आपल्या वाचकांना एक प्रश्न हमखास पडतो: नाशिकला अशा जुन्या बागा का नाहीत? वाइनसाठीची लागवड तिथे खऱ्या अर्थानं १९९० च्या दशकात सुरू झाली, हे एक कारण. दुसरं कारण जास्त मुळातलं आहे. आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे वर्षातून दोनदा वेल नव्यानं फुटते आणि खोडात साठवलेलं अन्न दोनदा खर्च करते. पंधरा-वीस वर्षांत उत्पादन उतरलं की बाग काढून नवी लावणं हेच हिशेबाला परवडतं. शिवाय आपल्या बागा बहुतांशी डॉगरिजसारख्या खुंटावर असतात. तो खुंट इथे आला पाणीटंचाई आणि खारवट जमिनीमुळे. फायलॉक्सेराचा त्यात संबंध नाही. बरोसाची वेल पानगळीनंतर तीन-चार महिने निवांत असते. दीडशे वर्षं जगण्याचं बळ तिला या विश्रांतीतून मिळतं.

मग वयानं नेमकं काय मिळतं? जादू नाही. जुन्या वेलीचं खोड आणि मुळं मिळून साखर-पिष्टाचा मोठा साठा असतो, त्यामुळे एखाद्या हंगामात उष्णतेची लाट आली किंवा पाऊस चुकला तरी ती लगेच कोलमडत नाही. तरुण वेल अशा वेळी पानं टाकते आणि पिकणं थांबवते. मग साखर वाढते ती मणी सुकल्यामुळे, आणि वाइनला मनुक्याचा वास येतो. जुनी वेल घडही बेतानं धरते, त्यामुळे विरळणीवाचून पीक आवाक्यात राहतं आणि सगळे घड साधारण एकाच वेळी पिकतात. ग्रेनाशसारख्या वाणात, जिथे साखर पुढे आणि चव मागे राहते, तिथे हे फार मोलाचं आहे. २४-२५ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडणी करूनही बी पिकलेली, सालीचा कच्चेपणा गेलेला, आंबटपणा शिल्लक, हे तरुण बागेत क्वचित जमतं. उलट बाजूही सांगायला हवी. खोडाच्या बुरशीनं अर्धी मेलेली, रोगट जुनी वेल कमी पीक देते, पण म्हणून चांगलं पीक देते असं नाही. वाईट जमिनीत लावलेली वेल शंभर वर्षांनीही वाईट जमिनीतच असते.

ही वाइन एका बागेची नाही. बरोसातल्या अनेक जुन्या तुकड्यांची द्राक्षं वेगवेगळी आंबवून मग एकत्र केली जातात. किण्वन सालीवर असलेल्या नैसर्गिक यीस्टनं होतं, बाहेरून यीस्ट टाकून नाही. ते सावकाश सुरू होतं, तापमान भडकत नाही आणि फळाच्या वासाला पदर सुटतात. नंतर वाइन जुन्या, आधी वापरलेल्या ओकच्या पिंपांत काही महिने राहते. हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. नव्या ओकचा व्हॅनिला आणि नारळाचा वास शिराझ पेलते. ग्रेनाशचं अंग नाजूक, तिच्यावर तो लगेच बसतो. शिवाय ग्रेनाशला हवा पटकन लागते. सारखी या पिंपातून त्या पिंपात उपसली, तर रंग तपकिरी होतो आणि फळ मरतं. इथे हाताळणी कमी ठेवल्याचं चवीत समजतं. शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक माहिती: वाइन स्वच्छ करायला अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून काढलेलं द्रव्य सर्रास वापरतात. यालुंबाच्या वाइनमध्ये यातलं काहीही वापरलं जात नाही.

आता चवीकडे. बाटली उघडल्याबरोबर नाकाला लाल फळं लागतात, तुती आणि आंबटगोड चेरी, आणि पाठोपाठ संत्र्याची वाळवलेली साल. दहा मिनिटांत फळ मागे सरतं आणि पांढरी मिरी, सुकी वनस्पती, थोडी बडीशेप वर येते. अर्ध्या तासानंतर तापलेल्या मातीचा, वाळल्या गुलाबपाकळ्यांचा वास येतो, आणि इथेच ही वाइन आपल्या किमतीच्या पुढे जाते. तोंडात ती मध्यम वजनाची. तुरटपणा बारीक, हिरड्या ओढणारा नाही, बारीक दळलेल्या पिठाच्या पोताचा. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास, सालागणिक अर्धा टक्का इकडेतिकडे. घोट गिळल्यावर घड्याळ लावलं तर चव पंधरा-वीस सेकंद टिकते आणि शेवट सुका, मिरमिरीत असतो. साध्या ग्रेनाशमध्ये इथे गोळीसारखा गोडवा राहतो. इथे तो राहत नाही. याच एका कारणासाठी ही बाटली घ्यावी.

त्रुटीही आहेत. उष्ण सालच्या बाटलीत मधला भाग जरा गुबगुबीत, शिजवलेल्या फळाकडे झुकणारा लागतो. थंड सालात तीच वाइन जास्त रेखीव, जास्त मिरमिरीत असते, आणि निवड असेल तर आम्ही डोळे झाकून थंड साल घेऊ. आंबटपणा मुळात कमी असल्यामुळे ती दीर्घ साठवणुकीची नाही. सालापासून तीन ते सहा वर्षांत ती उत्तम, त्यानंतर फळ ओसरतं आणि हाती फक्त अल्कोहोल उरतं. आणि जुन्या वेलींच्या नावावर विकली जाणारी बाटली असल्यानं, त्या सालच्या मिश्रणातल्या सगळ्यात तरुण आणि सगळ्यात जुन्या वेली किती वर्षांच्या आहेत हे समोरच्या लेबलवर ठळक छापायला हवं.

पण आपल्याकडे या वाइनची सगळ्यात जास्त नासाडी होते ती तापमानानं. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या १७-१८ अंशांच्या दगडी खोल्यांचा आहे. मुंबईत, नागपुरात, पणजीत खोली २८-३२ अंशांवर असते. त्या तापमानाला १४ टक्क्यांची ग्रेनाश नुसती झणझणते. नाकात आधी स्पिरिट, मग मुरंबा, मिरी आणि संत्र्याची साल कुठेच नाही. हिला १५-१६ अंश हवेत. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तिथे पोचायला साधारण दीड तास लागतो. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. १५ मिनिटं पुरतात. पाणी न घालता नुसत्या बर्फाच्या खड्यांत ठेवू नका, कारण खड्यांमधल्या हवेमुळे थंडी काचेला नीट लागत नाही. फ्रीझरमध्ये विसरलात तर बाटली फुटू शकते. ग्लासात ओतल्यावर आपल्या हवेत वीस मिनिटांत ती २० अंश ओलांडते, म्हणून एका वेळी १५० ऐवजी १०० मिलिलिटरच ओता आणि बाटली परत थंड जागी ठेवा. उलट चुकून ८-१० अंशांपर्यंत गार झाली तर वास बंद होतो आणि तुरटपणा टोचतो. ग्लास तळहातात धरला की पाच मिनिटांत ती सावरते.

ग्लास मोठ्या पोटाचा, तोंडाकडे निमुळता असावा आणि एक तृतीयांशच भरावा. डिकँटरची गरज नाही. लांबट भांड्यात ओतून तासभर ठेवली तर ग्रेनाशचं नुकसानच होतं, फळ उडून जातं. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी कडा तपकिरी होऊ लागतात. अर्धीच प्यायची हे आधीच ठरलं असेल, तर उघडल्याबरोबर ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. वर हवा न राहिल्यामुळे ती चार-पाच दिवस टिकते.

जेवणाचं म्हणाल तर आधी काय टाळायचं ते. तिखटाची आग ज्या संवेदनेतून कळते, तिलाच अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा ठेचा आणि ही वाइन एकमेकांना पेटवतात. दोन्हींची चव जाते. व्हिनेगरचं विंदालू, कोकमाचं सार, सोलकढी यांच्यासमोर हिचा मुळातला कमी आंबटपणा अगदी सपाट पडतो. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशाशी कोणतीच रेड सहसा जमत नाही, कारण वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात धातूची, शिळ्या मासळीची चव येते.

जमतं ते गोड्या मसाल्याशी. दगडफूल, लवंग, दालचिनी, भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ यांची चव आणि जुन्या ग्रेनाशची मातकट मिरमिर एकाच घराण्यातली आहे. भरली वांगी करा, पण गूळ नेहमीच्या निम्मा घाला, कारण पदार्थ गोड झाला की वाइन कडवट लागते. चिंचही बेतानं. चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा न घालता, बाजरीच्या भाकरीबरोबर, ही शाकाहारी जोड्यांतली सगळ्यात सरस. मांसाहारात कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं मटण, मिरची निम्मी आणि मिरी थोडी जास्त; किंवा हिरव्या वाटाण्याचा खिमा. गोव्याच्या चोरीसात व्हिनेगर आणि मिरची दोन्ही असतात, तरी कांदा आणि बटाटा भरपूर घालून परतलं की तिखट-आंबट निवतं आणि चरबीला ही वाइन छान उतारा देते. चीज हवंच असेल तर टणक, जुनं, खारट. मऊ, प्रक्रिया केलेल्या चीजसमोर ती वाया जाते.

खरेदीत तीन गोष्टी पाहा. साल: विकत घेताना पाच वर्षांपेक्षा जुनी नको. मागचं आयातदाराचं स्टिकर: त्यावर आयातीची तारीख असते, साल नवं पण आयातही दोन उन्हाळ्यांपूर्वीची असेल तर दुकानात ती बाटली कुठे उभी होती ते विचारा. काचेच्या दर्शनी कपाटात, दिव्याखाली असेल तर सोडून द्या. झाकणाखालची पातळी: इतर बाटल्यांपेक्षा कमी दिसत असेल किंवा झाकणाच्या खालच्या कडेला चिकट ओघळ असेल तर ती तापून गळलेली आहे. तापलेली बाटली घरी उघडल्यावरही ओळखता येते. ताज्या फळाऐवजी उकडलेल्या आलुबुखाऱ्याचा वास येतो, शेवट आखूड आणि कडवट असतो, आणि पुढच्या घोटागणिक ती सुधारत नाही. घरी साठवायची तर माळा आणि स्वयंपाकघर या दोन जागा सगळ्यात वाईट. वाइनचं कपाट नसेल तर फ्रिजचा खालचा कप्पा बरा. काही महिने तिथल्या थंडीनं या वाइनचं काही बिघडत नाही, ३५ अंशांच्या कपाटात एका मे महिन्यात बिघडतं.

किमतीबाबत. ऑस्ट्रेलियात ही बाटली साधारण २५ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास मिळते. भारतात आयात वाइनवर सर्वसाधारण शुल्क १५० टक्के. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, त्यानुसार ७५० मिलिलिटरच्या बाटलीची आयात किंमत ५ अमेरिकी डॉलरच्या वर असेल तर शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५० वर येणार आहे. १५ डॉलरच्या वर असेल तर ७५ वरून २५ पर्यंत. त्यावर राज्याचा कर आणि विक्रेत्यांचा नफा असतोच, त्यामुळे शुल्क घटलं तितकी छापील किंमत घटलेली दिसत नाही. पण एक तर्क लावता येतो: महाग ऑस्ट्रेलियन वाइनला सूट जास्त आहे, म्हणून स्वस्त आणि मध्यम बाटलीतला भारतातला फरक पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, आणि दोन साध्या बाटल्यांऐवजी एक चांगली घेणं आता जास्त पटतं. मेलबर्न-सिडनीहून येणारं कुणी घरचं असेल तर प्रौढ व्यक्तीमागे दोन लिटरची मुभा आहे, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या. हातातल्या सामानात नको. मोठ्या बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून.

याच्या वर जायचं असेल तर यालुंबाचीच ‘ट्राय-सेंटेनरी’ आहे, १८८९ साली लावलेल्या एकाच तुकड्याची. तिच्यात फळ कमी, मसाला आणि खनिजपणा जास्त, आणि तिला दहा वर्षं ठेवता येतं. १८४८ च्या वेलींची सिरिलोची ‘१८५०’ ही आणखी पुढची पायरी. ती पहिली ग्रेनाश म्हणून घेऊ नका, तिचं वेगळेपण कळायला आधी साध्या बाटल्या प्यायलेल्या असाव्या लागतात. खिसा सांभाळायचा असेल तर स्पेनच्या काम्पो दे बोर्हा आणि कालातायूद भागातल्या जुन्या वेलींची गार्नाचा शोधा. तेच वाण, तशीच झुडपासारखी वेल, चव जास्त रांगडी, शेवट आखूड.

पहिल्यांदा घेत असाल तर या बाटलीबरोबर एखादी साधी, स्वस्त, तरुण वेलींची ग्रेनाशही घ्या. दोन्ही १६ अंशांवर आणा, दोन सारख्या ग्लासांत ५०-५० मिलिलिटर ओता, आधी साधी प्या, मग ही. ओतल्याबरोबर वास घेताना फार फरक जाणवणार नाही. घोट गिळल्यावर सेकंद मोजा.